शेल्टरमधून मोठं मांजर मागा

घरात शांत, माणसाळलेलं, मुलांच्या गोंगाटाला न बुजणारं मांजर हवं, असं म्हणत लोक शेल्टरमध्ये येतात आणि दोन महिन्यांचं पिल्लू मागतात. हवं असतं एक आणि मागितलं जातं दुसरंच. दोन महिन्यांच्या पिल्लाचा स्वभाव पुढे कसा होईल, हे अनुभवी माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा खरा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. त्या दिवसांत त्याला किती हातांनी उचललं, कुरवाळलं, यावर पुढचं बरंचसं ठरतं. बाप धीट आणि माणसाळू असेल तर पिल्लंही तशी निघण्याकडे कल असतो. पार्किंगमधल्या खोक्यात सापडलेल्या पिल्लाचा बाप कोण ते माहीत नसतं आणि ते आठवडे कसे गेले तेही माहीत नसतं. आज मांडीत झोपणारं पिल्लू वर्षभराने दाराची बेल वाजताच पलंगाखाली पळू शकतं, किंवा पहाटे चारला पडद्यावर चढणारा दांडगा बोका होऊ शकतं. यात घराची चूक नसते, त्या जिवाचीही नसते. निवडताना पारखण्यासारखं समोर काही नव्हतंच.

तीन-चार वर्षांच्या मांजराचं तसं नसतं. दोन वर्षांच्या आसपास स्वभाव स्थिरावलेला असतो आणि तो डोळ्यांनी पाहता येतो. घरात राहणारं, नसबंदी झालेलं मांजर बारा ते पंधरा वर्षं सहज जगतं, म्हणजे तिसऱ्या वर्षी आणलेल्या मांजराची दहा वर्षांची सोबत पुढे असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शांत सोबत हवी असलेल्या घराने प्रौढ मांजरच मागावं. शेल्टरनेही पिल्लांच्या फोटोंवर चालणारी पद्धत सोडून मोठ्या मांजरांचा स्वभाव लिहून लोकांपुढे ठेवावा. हे फक्त कुटुंबांवर सोडून भागणार नाही, कारण लिहिलेलं काही नसेल तर माणूस चेहरा पाहूनच निवडणार, आणि चेहऱ्याच्या स्पर्धेत पिल्लू नेहमी जिंकतं.

पहिली शंका ठरलेली असते: एवढं चांगलं मांजर आहे तर कोणी सोडलं का? मुंबई-पुण्यात मांजर शेल्टरच्या दारात येण्याची कारणं बहुतेक वेळा माणसांची असतात. बदली झाली, लग्न ठरलं, नव्या घरमालकाने नको म्हटलं, मांजर सांभाळणाऱ्या आजी गेल्या. नाहीतर पर्शियन हौसेने विकत घेतलं, पण त्याच्या लांब केसांना रोज फणी लागते आणि चपट्या नाकामुळे डोळे सतत पाझरतात हे नंतर कळलं. मांजराकडून येणारं एक कारण मात्र खरं आहे, आणि ते म्हणजे नसबंदी न केलेला बोका भिंतीवर, सोफ्यावर मुताची फवारणी करतो. शस्त्रक्रियेनंतर दहापैकी साधारण नऊ बोके ही सवय सोडतात. म्हणजे ज्या दोषासाठी त्याला घराबाहेर काढलं, तो शेल्टरमध्ये आल्यावर पहिल्या महिन्यातच बहुधा संपलेला असतो. माजावर आलेली मांजर रात्र-रात्र ओरडते म्हणून सोडून दिलेल्या माद्यांचंही तेच.

मांजराला वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ मध्ये उपाशी-तहानेला पडेल अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं येतं, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. कित्येक दशकं हाच आकडा आहे. तो बदलायला हवा, पण कायदा कडक होईपर्यंत टाकलेली मांजरं पिंजऱ्यातच बसून राहणार, म्हणून दत्तकाची बाजू आधी सुधारावी लागेल.

घरातली बाई गर्भार राहिली म्हणून सोडलेल्या मांजरांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे भीती खरी आहे आणि उपाय सोपा आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला अपाय करू शकणारा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पण बाहेर पडताक्षणी तो संसर्ग करू शकत नाही. त्याला एक ते पाच दिवस लागतात. बहुतेक मांजरं आयुष्यात एकदाच, दोनेक आठवडे तो बाहेर टाकतात, तेही उंदीर-पक्षी किंवा कच्चं मांस खाल्लं तर. म्हणून घरात राहणाऱ्या, शिजवलेलं किंवा पाकिटातलं अन्न खाणाऱ्या मोठ्या मांजराकडून धोका फार थोडा. लिटर, म्हणजे मांजराच्या शौचाच्या ट्रेमधली वाळू, रोज काढायचं, ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचं, आणि गर्भवतीने कच्चं मांस व न धुतलेल्या भाज्या टाळायच्या. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीत ही चार वाक्यं सांगितली गेली तर कितीतरी मांजरं आपल्या घरातच राहतील.

आता प्रौढ मांजर दत्तक न गेल्याने काय होतं ते पाहा. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांचा ओघ त्यामुळे थांबत नाही. पिंजरे मात्र तेवढेच राहतात. मोठी मांजरं महिनोन्‌महिने बसून असलेल्या शेल्टरमध्ये नवी पिल्लं दाटीवाटीने ठेवावी लागतात, आणि दाटीत पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य रोग शिरतो. उलट्या, रक्ताळ जुलाब, पांढऱ्या पेशी कोसळणं, आणि लस न घेतलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. हा विषाणू खोलीत वर्षभर टिकू शकतो. नेहमीच्या फिनेलने तो मरत नाही, आणि फिनेल मांजराला विषारी ते वेगळंच. जागा आधी साबणाने धुऊन, मग एक भाग ब्लीच व बत्तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. एक मोठं मांजर घरी गेलं की एक पिंजरा मोकळा होतो आणि गर्दी तेवढी कमी होते. पिल्लांची काळजी असलेल्या माणसानेही मोठं मांजर न्यावं असं मी म्हणतो ते याच हिशोबाने.

पण शेल्टरमध्ये शांत दिसणारं प्रत्येक मांजर शांत नसतं. निवडीतली सर्वांत मोठी चूक इथे होते. भीतीने थिजलेलं मांजरही हलत नाही, ओरडत नाही, हात लावला तरी काही करत नाही. लोक म्हणतात, ‘किती गरीब आहे हो!’ घरी आल्यावर दोन आठवड्यांनी त्याची भीती ओसरते आणि खरा स्वभाव बाहेर येतो, तो कसाही असू शकतो. फरक शरीरावरून ओळखता येतो. थिजलेलं मांजर चारही पाय पोटाखाली घट्ट घेऊन बसतं, शेपटी अंगाला चिकटवतं, कान बाजूला किंवा मागे चपटे करतं. उजेड असूनही त्याच्या बाहुल्या मोठ्या राहतात, आणि कित्येकदा ते लिटरच्या ट्रेमध्येच बसतं, कारण पिंजऱ्यात आडोशासारखी तेवढीच जागा असते. झोपल्यासारखं दिसलं तरी डोके टेकवत नाही. दिवसा खात नाही, वाटी रात्री रिकामी होते. खरोखर निवांत मांजर कुशीवर लवंडतं, पाय पसरतं, माणूस समोर असताना अंग चाटतं, खातं, आणि आवाज झाला तर तिकडे पाहून पुन्हा आपल्या कामाला लागतं.

याचं मोजमाप करता येतं. १९९७ साली केसलर आणि टर्नर या संशोधकांनी पिंजऱ्यातल्या मांजरांचा ताण मोजायला सात पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पोट, पाय, शेपटी, बाहुल्या, कान, आवाज अशा खुणा पाहून ती भरायची. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. पुढे नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये १९ नव्या मांजरांपैकी १० जणांना लपायला खोकं दिलं गेलं आणि ९ जणांना दिलं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत खोकेवाल्यांचा ताण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ठळकपणे कमी दिसला. पुठ्ठ्याचं खोकं आपल्याकडे कोणत्याही किराणा दुकानात मिळतं. ते प्रत्येक पिंजऱ्यात असायलाच हवं, कारण त्याने मांजराला दिलासा मिळतो आणि न्यायला आलेल्या माणसाला खरं मांजर दिसतं. खोक्यात बसलं तर ते दिसणार नाही, मग कोण नेणार, ही कार्यकर्त्यांची भीती मला समजते. पण लपता येतं म्हटल्यावर मांजर बाहेरही येतं. अमेरिकेत एएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेने प्रौढ मांजरांची धिटाई आणि माणसांची ओढ या दोन गोष्टी तपासून नऊ स्वभावप्रकार ठरवले, आणि घराला काय हवं याची प्रश्नावली भरून घेऊन जोड्या लावल्या. आपल्याकडे नऊ प्रकारांची गरज नाही. धीट की बुजरं, आणि माणसाजवळ येणारं की आपल्यात राहणारं, एवढं कार्डावर असलं तरी निवड कितीतरी नेमकी होईल.

भेटीला जाताना एकदा जाऊन निर्णय घेऊ नये. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जावं, जमलं तर एक भेट साफसफाईच्या गडबडीत असावी. पिंजऱ्यासमोर तोंडासमोर तोंड आणून उभं राहू नये, जरा तिरकं बसावं आणि वीस मिनिटं काही करू नये. मग एक बोट मांजराच्या नाकाच्या उंचीवर धरून थांबावं. ते स्वतःहून हुंगून गाल घासतं का, हे पाहावं. हात पुढे नेऊन डोक्यावर ठेवण्यात काही कळत नाही. डोळे हळू मिटून उघडले तर बरीच मांजरं तसंच उत्तर देतात, आणि २०२० साली इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासातही असं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मांजरं अधिक येताना दिसली. गालाला, हनुवटीखाली तीन सेकंद खाजवून हात काढावा. निवांत मांजर पुन्हा मागतं, न मागणारं पुरे म्हणत असतं. शेपटीचं टोक झटकायला लागलं, पाठीची कातडी थरथरली की थांबायचं. इथेही थांबू देणारं, म्हणजे चावण्याआधी खुणा करणारं मांजर मुलांच्या घराला चांगलं. शेवटी एखादी किल्ली जमिनीवर टाकून पाहावी. दचकणं वाईट नाही. दचकल्यावर किती वेळात पूर्ववत होतं, तेच पाहायचं असतं.

यापेक्षाही खरी माहिती पिंजऱ्याजवळ रोज असणाऱ्या माणसाकडे असते. नखं कापताना काय करतं, औषधाची गोळी घेतं का, शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजरावर फिसकारतं का, कुत्रा भुंकला तर काय, हे त्या मदतनिसाला विचारावं. आणि शेल्टरने हे त्याच्याकडून लिहून घ्यावं. सर्वांत भरवशाचा मार्ग फोस्टरचा, म्हणजे मांजर काही दिवस घरी तात्पुरतं सांभाळणाऱ्याचा: आठ-दहा दिवस एखाद्या घरात राहिलेल्या मांजराबद्दल जे कळतं ते पिंजऱ्यात तीन महिन्यांत कळत नाही. फोस्टरची घरं आज बहुतेक पिल्लांसाठी वापरली जातात. त्यांतली काही मोठ्या मांजरांसाठी राखायला हवीत.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण उत्साहात ती विसरली जाते. सगळी प्रौढ मांजरं दत्तक द्यायची नसतात. मासळीबाजारात, कॉलनीत वाढलेलं, माणसापासून चार हात दूर राहणारं मांजर नसबंदी करून, ओळखीसाठी कानाचं टोक छाटून, आपल्याच जागी परत सोडायचं असतं. त्याला टू-बीएचकेमध्ये कोंडणं म्हणजे त्याचे हाल. शेल्टरमधून न्यायचं ते घरात राहिलेलं किंवा माणसाला सरावलेलं.

नेण्याआधी कागद मागावेत. नसबंदी झालेली असावी. मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत या समजुतीला काही आधार नाही. ट्रायकॅट या मांजरांच्या तीन रोगांवरच्या लसीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची लस, जंताचं औषध, आणि एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) व एफईएलव्ही (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) यांची रक्तचाचणी. एफआयव्ही माणसाला होत नाही, आणि घरात एकटं राहणारं एफआयव्ही असलेलं मांजर वर्षानुवर्षं ठीक राहू शकतं. फक्त हे आधी माहीत हवं. दातही पाहून घ्यावेत, कारण लालभडक हिरड्यांचं मांजर चिडकं वाटतं, पण ते दुखण्याने तसं असतं.

घरची तयारी खिडकीपासून. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, उन्हाने ती कुजते. सरकती मच्छरजाळी पंजाने बाजूला होते. ग्रिलच्या गजांमधून डोकं गेलं की अंगही जातं. इंचभर भोकांची स्टीलची जाळी चारही बाजूंनी स्क्रूने आवळून लावावी, बाल्कनीलाही. मुंबईतल्या अनेक संस्था दत्तक देण्याआधी खिडक्यांचे फोटो मागतात, त्याचा लोकांना राग येतो. पण मांजर उंचावरून पडलं तर पायांवर उतरतं, ही समजूत त्याला वाचवत नाही. जबडा, छाती, पाय मोडतात.

पहिले तीन दिवस एकच खोली द्यावी. तीत एका बाजूला लिटर, दुसऱ्या टोकाला पाणी-अन्न, आणि दोन तोंडांचं खोकं. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, त्यात पाच-सहा सेंटिमीटर लिटर, आणि सुरुवातीला शेल्टरमध्ये होतं तेच. ब्रँड बदलला म्हणून मांजर गादीवर मुततं आणि ‘घाण मांजर’ म्हणून परत येतं, हे टाळता येण्यासारखं आहे. दिवसातून दोनदा उपसायचं. मांजर पलंगाखाली गेलं तर ओढून काढू नये. ते रात्री बाहेर येईल. पाहुण्यांना बोलावू नये. आल्याआल्या आंघोळ तर मुळीच नको, त्यातही डेटॉलची. फिनॉल गटातली रसायनं मांजराचं यकृत निचरू शकत नाही. त्याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनही. आठवडाभरात शिंका सुरू झाल्या तर घाबरू नये. हर्पीसचा विषाणू बऱ्याच मांजरांच्या अंगात दबून असतो आणि जागा बदलली की उसळतो. खाणं-पिणं चालू असेल तर बहुधा निवळतं. मात्र दोन दिवस काहीच खाल्लं नाही, विशेषतः लठ्ठ मांजराने, तर यकृतात चरबी साचू लागते, तेव्हा डॉक्टर गाठायचा. आणि बोका पुन्हा-पुन्हा ट्रेमध्ये बसतोय पण लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन दिवसांत मरू शकतो.

खाण्याबद्दल मराठी घरांत दूध-पोळीची परंपरा आहे. मोठ्या मांजराला दूध पचत नाही आणि पोळीत त्याच्या कामाचं काही नाही. मांजराला टॉरिन हे मांसात असणारं अमिनो आम्ल अन्नातूनच लागतं. ते कमी पडलं की दृष्टी जाते आणि हृदय फुगतं, आणि हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला. नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, कॅल्शियम कमी पडतं. खारवलेलं सुकट-बोंबील तर नकोच. चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, म्हणजे साधारण ५० ते ५५ ग्रॅम कोरडं कॅट फूड, दोन-तीन वेळा विभागून, किंवा त्याचा काही भाग ओला. वाटी भरून ठेवली की शांत मांजर लठ्ठ होतं, धावपळ करणारं तेवढं होत नाही. शाकाहारी घरात पाकिटातलं अन्न वेगळ्या भांड्यात देऊन मांजर व्यवस्थित सांभाळता येतं. पण ते पाकीटही घरात नको असेल तर मांजर आणू नये, हे मी ठामपणे म्हणेन. आपल्या श्रद्धेचा उपास त्या जिवावर लादता येत नाही.

मोठं मांजर माया लावत नाही, हा आक्षेप फार ऐकू येतो. पाळलं गेलेलं मांजर नव्या घरात सावकाश उलगडतं एवढंच. शेल्टरमधली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा अंदाज सांगतात, तो ठोकताळा असला तरी उपयोगी आहे. तीन दिवसांत ते भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराच्या वेळा ओळखणारं, तीन महिन्यांत आपली जागा ठरवलेलं. पिल्लू हवंच असेल, घरात दिवसभर कोणी असेल, दंगा चालणार असेल, तर दोन पिल्लं एकत्र न्यावीत. एकटं पिल्लू चावण्याचं-ओरबाडण्याचं बळ सावरायला शिकत नाही. पण पाच वर्षांखालचं मूल, साठीपुढचे आजी-आजोबा, दिवसभर बाहेर असणारं जोडपं, यांच्यापैकी कोणालाही पिल्लू देताना शेल्टरने दोनदा विचार करावा आणि समोर मोठं मांजर ठेवावं. नाही म्हणण्याचं धाडस शेल्टरला करावं लागेल, त्याने दात्यांची नाराजी आली तरी.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडून घरमालकाची लेखी संमती घ्यावी, आणि शेल्टरने महिनाभरात मांजर परत घेण्याची लेखी हमी द्यावी. परत करणाऱ्याला आज इतकं फैलावर घेतलं जातं की काही जण मांजर गुपचूप बाजारात नेऊन सोडतात. परत आलेल्या मांजराबरोबर एका घरातल्या तीस दिवसांची माहिती येते: लहान मुलाला घाबरलं, कुकरच्या शिटीला सरावलं, दुसऱ्या मांजराशी जमलं नाही. ती विचारून घ्यावी आणि तारखेसह त्याच्या कार्डावर लिहावी, म्हणजे पुढच्या कुटुंबाला ते मांजर अधिक माहितीचं होऊन मिळेल.